दहा फुटांची शिस्त

मिनी या ब्रिटिश गाडीविषयी लिहायला बसलं की बहुतेकांची लेखणी साठच्या दशकातल्या लंडनकडे वळते. आखूड स्कर्ट, बीटल्स, कार्नाबी स्ट्रीट, आणि त्या गर्दीतून वाट काढणारी लालचुटूक छोटी गाडी. तिचं आकर्षण त्या काळाच्या झगमगाटातून आलं, असं मग गृहीत धरलं जातं. मला हे पटत नाही. तो झगमगाट काही वर्षांत ओसरला. गाडी मात्र १९५९ पासून २००० पर्यंत जवळजवळ त्याच आकारात बनत राहिली आणि ५३ लाखांहून अधिक बनली. नुसत्या फॅशनच्या जोरावर कुठलीही वस्तू एकेचाळीस वर्षं तग धरत नाही. मिनी टिकली, कारण तिने रस्त्यावरची कमीत कमी जागा घेतली आणि आत बसणाऱ्यांना जास्तीत जास्त दिली. रस्ता आपल्या एकट्याचा नाही, हे पत्र्यापासून चाकापर्यंत मान्य करणारी ती गाडी होती. तो विचार आज जगभरात मागे पडला आहे. केवळ ग्राहकांची आवड बदलली म्हणून तो मागे पडलेला नाही. गाडीच्या आकाराला किंमत लावायची जबाबदारी सरकारांनी आणि नगरपालिकांनी टाळली, हे त्यामागचं मोठं कारण आहे.

मुळात मिनी जन्मली तीच टंचाईतून. जुलै १९५६ मध्ये इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी सुएझ कालव्याचं राष्ट्रीयीकरण केलं. त्यानंतर ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायलने केलेली लष्करी कारवाई अंगाशी आली, कालवा बंद पडला आणि मध्यपूर्वेतून येणारं तेल अडलं. डिसेंबरमध्ये ब्रिटनमध्ये पेट्रोलचं रेशनिंग सुरू झालं, ते पुढच्या मे महिन्यापर्यंत चाललं. अशा वेळी लोक वळले ते ‘बबल कार’कडे. इझेटा, मेसरश्मिट, हाइंकेल या जर्मनीत बनणाऱ्या, अंड्याच्या आकाराच्या, मोटारसायकलच्या ताकदीच्या गाड्या लंडनच्या रस्त्यांवर दिसू लागल्या. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे, म्हणजे बीएमसीचे प्रमुख लिओनार्ड लॉर्ड यांना त्या डोळ्यांसमोर नकोशा होत्या. त्यांना रस्त्यावरून हटवायचं तर तेवढीच लहान, पण खरीखुरी चार माणसांची गाडी हवी, असं त्यांनी ठरवलं. (त्यातली जर्मन इझेटा बीएमडब्ल्यू बनवत असे. तीच कंपनी पुढे मिनीची मालक झाली.)

हे काम त्यांनी सोपवलं अ‍ॅलेक इसिगोनिस यांच्याकडे. इसिगोनिस यांचा जन्म १९०६ चा, स्मिर्नाचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझ्मीरचा. वडील ग्रीक वंशाचे पण ब्रिटिश प्रजाजन, आई बव्हेरियन. १९२२ मध्ये युद्धाच्या धामधुमीत घरदार सोडून हे कुटुंब बाहेर पडलं. लंडनच्या बॅटरसी पॉलिटेक्निकमध्ये शिकताना त्यांना गणित काही केल्या जमेना. हात मात्र चित्रकाराचा. जो कागद समोर येईल त्यावर ते गाडीचा सांगाडा रेखाटत. १९४८ ची मॉरिस मायनर ही त्यांचीच. त्यांना एकांड्या प्रतिभावंताच्या रूपात रंगवण्याची सवय ब्रिटिशांना लागली आहे, पण जॅक डॅनियल्स यांच्यासारखे कसबी अभियंते त्या रेखाटनांना मापं देत होते, म्हणून गाडी उभी राहिली. रबराच्या सस्पेन्शनची, म्हणजे रस्त्याचे धक्के झेलणाऱ्या रचनेची कल्पना अ‍ॅलेक्स मोल्टन यांची, आणि इवलेसे टायर बनवून दिले डनलॉपने.

अट साधी होती आणि कठोर होती. गाडी दहा फूट लांब, चार फूट रुंद, चार फूट उंच अशा खोक्याच्या आसपास बसली पाहिजे, आणि त्या दहा फुटांपैकी सहा फूट माणसांना मिळाले पाहिजेत. त्यातही इंजिन नवं बनवायचं नाही, कंपनीकडे आहे तेच वापरायचं. प्रत्यक्षात रुंदी आणि उंची थोडी वाढली, पण लांबी दहा फुटांच्या पुढे फारशी सरकली नाही.

मिनीची सगळी बुद्धिमत्ता या अटीतून आली, म्हणून इथे जरा थांबतो. चार सिलिंडरचं इंजिन तेव्हा सर्रास उभं, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवत. त्यामागे गिअरबॉक्स आणि तिथून मागच्या चाकांपर्यंत जाणारा दांडा. दहा फुटांतले निम्मे इथेच संपले असते. इसिगोनिस यांनी इंजिन आडवं फिरवलं आणि त्याची ताकद पुढच्याच चाकांना दिली. आडवं इंजिन ही काही त्यांची एकट्याची कल्पना नव्हती. जर्मनीच्या डीकेडब्ल्यूने तीसच्या दशकातच ते वापरलं होतं, पण ते दोन सिलिंडरचं, आकाराने छोटं. चार सिलिंडर आडवे ठेवल्यावर शेजारी गिअरबॉक्सला जागाच उरेना. मग गिअरबॉक्स इंजिनाच्या पोटात, तळाच्या तेलाच्या टाकीत गेला आणि दोघांनी एकच तेल वापरायचं ठरलं. चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत जशी एकाच जागेला दिवसा बैठक आणि रात्री अंथरूण अशी दोन कामं असतात, तसंच हे.

चाकांचंही तेच. त्या काळी लहान गाड्यांनाही तेरा-चौदा इंचांची चाकं असत. मोठं चाक म्हणजे त्याला सामावून घेणारी मोठी कमान, आणि ती कमान आतल्या माणसाच्या पायांची जागा खाते. म्हणून चाकं दहा इंचांची केली आणि गाडीच्या अगदी चार कोपऱ्यांत ढकलली. पोलादी स्प्रिंगांनी जागा अडवली असती, म्हणून त्यांच्याऐवजी रबराचे शंकू आले. रबर जितकं दाबावं तितकं अधिक कडक होत जातं. एकटा चालक असो की चार माणसं आणि सामान, रिकाम्या आणि भरलेल्या गाडीच्या वजनातला मोठा फरक ते सांभाळून घेतं. हलक्या गाडीला नेमकं हेच हवं होतं. या सगळ्याचा हिशेब असा, की गाडीने व्यापलेल्या जमिनीपैकी जवळपास ८० टक्के भाग माणसं आणि सामान यांच्या वाट्याला आला.

सुरुवातीच्या मिनीचं दार उघडून आत पाहिलं की हीच शिस्त बारीकसारीक गोष्टींत दिसते. काच खाली उतरत नाही, बाजूला सरकते. त्यामुळे दाराच्या पोटात काच खाली-वर करणारी यंत्रणा लागत नाही, आणि ती पोकळी सामानाचा खोल कप्पा बनते. दार आतून उघडायला दांडी नाही, एक तार ओढायची. डिकीचं झाकण खालच्या बाजूला बिजागरीवर बसवलेलं, म्हणजे सामान जास्त झालं तर झाकण आडवं उघडं ठेवून त्यावर पेटी ठेवता येते. तसं केलं तर नंबर प्लेट जमिनीकडे तोंड करणार. म्हणून प्लेटलाही वेगळी बिजागरी दिली. झाकण आडवं झालं की प्लेट आपोआप लोंबकळून सरळ उभी राहते आणि मागून येणाऱ्याला वाचता येते. सर्वात स्वस्त गाड्यांपैकी एकीत कुणीतरी इतका बारीक विचार केला, हे मला आजही थक्क करतं.

दोष नव्हते असं नाही. २६ ऑगस्ट १९५९ रोजी ऑस्टिन सेव्हन आणि मॉरिस मिनी-मायनर अशा दोन नावांनी गाडी बाजारात आली, आणि पहिल्याच पावसाळी हंगामात मालकांच्या पायाखालचे गालिचे भिजले. तळाच्या पत्र्यांचा सांधा उलट्या बाजूने जोडला गेला होता, त्यामुळे चाकांनी उडवलेलं पाणी थेट आत येई. चाचणीच्या काळात हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरवर बर्फ धरतो असं दिसल्यावर इंजिनाचं तोंड फिरवलं होतं. त्याचा परिणाम असा की डिस्ट्रिब्युटर, म्हणजे ठिणगीसाठी सिलिंडरांना वीज वाटणारा भाग, समोरच्या जाळीमागे उघडा पडला, आणि जोराच्या पावसात गाडी मध्येच बंद पडू लागली. हे दोष घाईचे होते. १९५८ च्या उन्हाळ्यात लॉर्ड यांनी नमुना गाडीतून कारखान्याच्या आवारात एक छोटी फेरी मारली होती आणि वर्षभरात ही गाडी बनायला लागली पाहिजे, असं फर्मान काढलं होतं. चुका हळूहळू दुरुस्त झाल्या. मांडणी मात्र बदलावी लागली नाही.

खरी दुखरी नस पैशाची होती. करासकट किंमत पाचशे पौंडांच्या आत ठेवली, नेमकी सांगायची तर ४९६ पौंड १९ शिलिंग २ पेन्स. फोर्डच्या लोकांनी एक मिनी विकत आणून सुटी केली, एकेक भागाचा खर्च मांडला आणि निष्कर्ष काढला की बीएमसी प्रत्येक गाडीमागे तीस पौंड पदरचे घालते आहे. तो आकडा नेमका किती बरोबर यावर वाद घालता येईल, पण या गाडीने कंपनीला म्हणावा तसा नफा दिला नाही, हे सगळेच मान्य करतात. माझ्या मते हा या कहाणीतला सर्वात महत्त्वाचा धडा आहे. छोटी गाडी बनवायला मोठ्या गाडीइतकीच अक्कल, जवळजवळ तेवढेच कामाचे तास आणि तेवढेच सुटे भाग लागतात. पत्रा तेवढा कमी लागतो, आणि पत्रा हा खर्चाचा लहान हिस्सा. ग्राहक मात्र छोट्या वस्तूचे मोठे पैसे द्यायला तयार नसतो. म्हणजे जागा वाचल्याचा फायदा सगळ्या शहराला, आणि त्याची झळ बनवणाऱ्याला. हा व्यवहार बाजारावर सोडला तर कुठलीही कंपनी शेवटी मोठ्या गाडीकडेच जाणार.

सुरुवातीला खप बेताचा होता. ज्यांच्यासाठी ही गाडी काढली त्या कामगार कुटुंबांना ती जरा विचित्रच वाटली. उचलून धरली ती वेगळ्याच लोकांनी. इसिगोनिस यांचे स्नेही, राणी एलिझाबेथ यांच्या भगिनी राजकुमारी मार्गारेट यांचे पती अँटनी आर्मस्ट्राँग-जोन्स ती चालवत, मग नट आले, संगीतकार आले. रेसगाड्या बनवणाऱ्या जॉन कूपर यांनी तिची चपळाई ओळखली आणि १९६१ मध्ये मिनी कूपर आली. माँटे कार्लो रॅलीत १९६४, १९६५ आणि १९६७ अशी तीनदा ती पहिली आली. १९६६ मध्येही पहिले तीन क्रमांक मिनीचेच होते, पण दिव्यांच्या नियमावरून परीक्षकांनी तिन्ही गाड्या बाद केल्या. आल्प्सच्या वळणांवर स्वतःहून कितीतरी ताकदवान गाड्यांना तिने मागे टाकलं. खानदानी श्रीमंत आणि शाळामास्तर एकाच गाडीत बसतात, हे वर्गभेदाने ग्रासलेल्या ब्रिटनमध्ये सहसा घडत नसे. मिनीने ते घडवलं. लहान गाडी म्हणजे गरिबाची गाडी, हा शिक्का तिच्या कपाळी बसला नाही.

पुढची तीस वर्षं ब्रिटिश मोटार उद्योगाच्या पडझडीची आहेत. त्यात मिनी जगली, पण वाढली नाही. इसिगोनिस यांनी स्वतः तिची वारस तयार केली होती. ‘नाइन एक्स’ नावाची ती नमुना गाडी मिनीपेक्षाही काही इंच आखूड आणि आतून अधिक ऐसपैस होती. १९६८ मध्ये विलीनीकरणातून ब्रिटिश लेलँड ही कंपनी स्थापन झाली, बीएमसी तिच्यात गेली आणि ती योजना गुंडाळली गेली. ब्रिटिश उद्योगाने स्वतःच्या पायावर मारून घेतलेल्या अनेक धोंड्यांपैकी हा एक. १९८० मध्ये मिनीला निवृत्त करायला कंपनीने मेट्रो नावाची नवी गाडी आणली, तर मिनी मेट्रोलाही पुरून उरली. नव्वदच्या दशकात जपानी ग्राहकांनी तिला मोठाच आधार दिला. ४ ऑक्टोबर २००० रोजी लाँगब्रिजच्या कारखान्यातून शेवटची मिनी बाहेर पडली. त्याच्या आदल्या वर्षी, शतकातली सर्वोत्तम गाडी निवडताना जगभरच्या जाणकारांनी फोर्डच्या मॉडेल टी नंतर दुसरा क्रमांक मिनीला दिला होता.

२००१ पासून बीएमडब्ल्यूची नवी मिनी ऑक्सफर्डजवळच्या काउली इथे बनू लागली. ती चांगली गाडी आहे, हजारो लोकांना तिने रोजगार दिला, याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आकाराची आहे. पहिल्याच नव्या मिनीने लांबी ३.६ मीटरवर नेली. आजची मिनी कंट्रीमन ४.४ मीटरहून लांब आणि १.८४ मीटर रुंद आहे, आणि तिची विजेवरची आवृत्ती दोन टनांच्या आसपास भरते. मूळ मिनी ३.०५ मीटर लांब, १.४ मीटर रुंद आणि जेमतेम सहाशे किलोंची होती. ब्रिटनमध्ये वाहनतळावरचा चौकोन साधारणपणे २.४ मीटर रुंद आखतात. त्यात जुनी मिनी उभी केली तर दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मीटर मोकळा राहतो, आणि कडेवर मूल घेऊनही आरामात उतरता येतं. कंट्रीमन उभी केली तर प्रत्येक बाजूला २८ सेंटिमीटर. शेजारीही तशीच गाडी असेल तर उतरताना अंग चोरावं लागतं.

एकट्या मिनीला दोष देऊन उपयोग नाही. युरोपात विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांची सरासरी रुंदी दर दोन वर्षांत साधारण एक सेंटिमीटरने वाढते आहे, आणि २०२३ मध्ये तिने १.८ मीटरचा टप्पा ओलांडला. रस्ते मात्र तेवढेच आहेत. गाडीने घेतलेला प्रत्येक सेंटिमीटर सायकलवाल्याकडून, पायी चालणाऱ्याकडून किंवा समोरून येणाऱ्याकडून घेतलेला असतो, आणि त्याचं मोल कुणी देत नाही. ब्रिटनचा वाहनकर २००१ पासून मुख्यतः धुरातल्या कार्बनवर बेतला गेला. विचार योग्य होता, पण गाडी विजेवर चालू लागली की हा मापदंड अपुरा पडतो. विजेची गाडी धूर सोडत नाही, पण जागा तितकीच अडवते.

यावर पहिला आक्षेप सुरक्षिततेचा येतो, आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. १९५९ ची मिनी आज नवी म्हणून विकायला परवानगी मिळणार नाही, आणि ते योग्यच आहे. टक्कर झाली तर धक्का शोषून घ्यायला तिच्यात फारसं काही नव्हतं. पण सुरक्षिततेला साडेचार मीटर लागतात हे खरं नाही. फोक्सवॅगनच्या ३.५४ मीटरच्या ‘अप’ला २०११ मध्ये युरोपच्या टक्कर चाचणीत पाच तारे मिळाले होते. अपचं उत्पादन २०२३ मध्ये थांबलं. ब्रिटनमध्ये वर्षानुवर्षं सर्वाधिक खपलेली फोर्ड फिएस्टाही त्याच वर्षी बंद झाली. या गाड्यांचा दोष सुरक्षिततेचा नव्हता, मोठ्या गाडीत पैसे जास्त सुटतात हा होता. शिवाय सुरक्षितता कुणाची, हाही प्रश्न आहे. जड गाडी आतल्या माणसाला वाचवते ती बऱ्याचदा समोरच्या हलक्या गाडीतल्या माणसाच्या जिवावर, आणि उंच बॉनेट पायी चालणाऱ्याच्या पायांऐवजी छातीवर आदळतं. लहान मुलाच्या बाबतीत ते डोक्यावर आदळतं. सगळेच मोठी गाडी घेऊ लागले तर कुणीच जास्त सुरक्षित होत नाही, रस्ता मात्र भरून जातो.

दुसरा आक्षेप असा, की लोकांना मोठ्याच गाड्या आवडतात, मग सरकारने मध्ये का पडावं? पण आवड ही दरपत्रक पाहूनच ठरते. जपानने केई, म्हणजे सर्वात लहान वर्गातल्या गाड्यांसाठी लांबी ३.४ मीटर, रुंदी १.४८ मीटर आणि इंजिन ६६० सीसी अशी चौकट आखली, त्या चौकटीला कमी कर लावला. शिवाय तिथल्या शहरांत मोठी गाडी घ्यायची तर आधी ती ठेवायला जागा असल्याचा दाखला द्यावा लागतो. परिणामी तिथल्या कंपन्यांनी आपली सारी हुशारी त्या चौकटीत ओतली, इसिगोनिस यांनी दहा फुटांत ओतली होती तशीच. पॅरिसने फेब्रुवारी २०२४ मध्ये नागरिकांचं मत घेऊन बाहेरून येणाऱ्या जड गाड्यांचं पार्किंग शुल्क तिप्पट केलं, आणि मध्यवर्ती भागात तासाला १८ युरो लावले. ज्या लंडनने मिनी डोक्यावर घेतली त्या शहराने असं पाऊल सर्वात आधी उचलायला हवं होतं.

आपल्याकडे हा विषय परका नाही. १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० चं इंजिन आडवंच होतं आणि ओढ पुढच्या चाकांचीच होती. गिअरबॉक्स इंजिनाच्या पोटाऐवजी शेजारी होता, एवढाच फरक. पुण्यात आराखडा झालेली टाटा नॅनो ३.१ मीटरची, म्हणजे मिनीपेक्षा वीतभरही मोठी नव्हती, आणि चार मोठी माणसं तिच्यात खरोखर नीट बसत. जागेचा तिच्याइतका प्रामाणिक विचार फार थोड्या भारतीय वस्तूंत झाला आहे. तिला मारलं ते ‘सर्वात स्वस्त’ या बिरुदाने. रतन टाटांनीही पुढे हे बोलून दाखवलं. मिनीला आर्मस्ट्राँग-जोन्स भेटले, नॅनोला तसं कुणी भेटलं नाही.

भारताने मात्र एक गोष्ट ब्रिटनच्या आधी केली. २००६ च्या अर्थसंकल्पापासून चार मीटरच्या आतल्या, ठरावीक इंजिनाच्या गाड्यांना कमी कर आहे, आणि सप्टेंबर २०२५ पासून हा फरक १८ टक्के विरुद्ध ४० टक्के इतका ठसठशीत झाला आहे. नियमाचा हेतू चांगला, पण तो लांबी मोजतो, रुंदी आणि वजन मोजत नाही. त्यामुळे कंपन्या लांबी चार मीटरच्या आत ठेवतात आणि गाडी आडवी वाढवतात. मारुती ८०० ची रुंदी १.४४ मीटर होती. आज याच सवलतीत बसणाऱ्या एसयूव्ही १.८ मीटरच्या घरात आहेत. पुण्यातल्या पेठांत किंवा गिरगावातल्या गल्लीत समोरासमोर आलेल्या दोन गाड्या अडकतात त्या रुंदीमुळे. जपानमध्ये केईच्या वरच्या छोट्या गाड्यांसाठीही १.७ मीटर ही रुंदीची मर्यादा आहे. तीच आपल्या सवलतीला जोडावी, जोडीला वजनाचीही एक मर्यादा असावी. आणि पार्किंगच्या पाटीवर बहुतेक ठिकाणी ‘चारचाकी’ असा जो एकच दर लिहिलेला असतो, तो महापालिकांनी गाडी जितके चौरस मीटर अडवते त्या हिशेबाने लावावा. लांबी आणि रुंदी गाडीच्या नोंदणीच्या वेळीच कळलेली असते, त्यासाठी नवं मोजमाप करायची गरज नाही.